दुपारला कुलूप: चालत्या-पळत्या लेकरासोबतचा पहिला उन्हाळा

बाळ ठेवलं तिथे राहायचं तेव्हाचा उन्हाळा सोपा होता, हे मला पुढच्या वर्षी कळलं. लेक सव्वा वर्षाची झाली आणि तिला पाय फुटले. पुढच्या तीन महिन्यांत मी जितक्या वेळा "अगं थांब" म्हटलं असेल तितकं आयुष्यात कोणाला म्हटलं नसेल. एक ते तीन वर्षांची मुलं वारं प्यायलेली असतात. त्यांना ऊन लागतं, पण "मला गरम होतंय, सावलीत जाऊ" हे वाक्य काही त्यांच्याकडे नसतं. त्याऐवजी किरकिर असते, चावणं असतं, चप्पल भिरकावणं असतं. आपण त्याला हट्ट म्हणतो, आणि अर्ध्या वेळा ती नुसती तहान असते.

त्यांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असल्यामुळे बाहेरची उष्णता भराभर आत शिरते, आणि घामही मोठ्यांइतका येत नाही. म्हणजे तुम्हाला जेव्हा "बरंच उकडतंय" असं वाटतं, तेव्हा ते पोर आधीच कासावीस झालेलं असू शकतं.

सगळे सांगतात, "लक्ष ठेवा." मला हा सल्ला अर्धवट वाटतो. दुपारी तीन वाजता, अर्धवट झोपेत, कोणाचं लक्ष धड राहतं? म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं लक्ष कमी लागावं यासाठी आहे. घराची आणि दिवसाची मांडणीच अशी करून टाकायची, की आपण गाफील झालो तरी फार बिघडू नये.

पायरी पहिली: दिवस मधोमध तोडा

सर्वांत आधी दिवसाचे दोन तुकडे करा, सकाळ आणि संध्याकाळ. मधल्या भागाला कुलूप. साधारण सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात. घड्याळ बघायचं नसेल तर सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे, घरी चला. पोर दोन वर्षांचं झालं की त्यालाही हा खेळ येतो. आमच्याकडे "सावली बुटकी झाली" म्हटलं की लेक स्वतःच घराकडे वळायची. (रोज नाही. पण पाचातून दोनदा वळायची, तेही काही कमी नाही.)

बाहेरची सगळी कामं, बाग, भाजी, पाय मोकळे करणं, ऊन चढायच्या आत उरका. त्यासाठी मूल लवकर उठायला हवं, आणि ते उठतंच. प्रश्न आपला असतो. मी पहिल्या आठवड्यात सकाळी आधी घर आवरायचे आणि मग बाहेर पडायचे. निघेपर्यंत साडेनऊ. पोहोचेपर्यंत झोपाळ्याची साखळी तापलेली. मग उलटं केलं: उठलं की तोंड धुवायचं, दूध प्यायचं, आणि केस विंचरायच्या आधी बाहेर. घर दुपारी आवरतं. तसंही आवरत नाही, पण निदान प्रयत्न सावलीत होतो.

पायरी दुसरी: दुपारची खोली तयार करा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते. उन्हाळ्यात रात्रीची झोप उकाड्याने तुटते, त्यामुळे दुपारची डुलकी मोडू देऊ नका, मग पाहुणे असोत की आणखी काही.

घरातली सगळ्यांत थंड खोली शोधा. ती बऱ्याचदा मुलाची नसतेच. ज्या बाजूला ऊन येतं तिथले पडदे सकाळीच ओढा, खोली तापल्यावर ओढून उपयोग नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मग खिडक्या उघडा. पंखा चालू ठेवा, पण हवा 40 अंशांच्या वर गेली असेल तर पंखा उलट गरम वारा अंगावर फेकतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसणं किंवा कोमट पाण्याची आंघोळ जास्त कामाची. गार पाण्याने अंघोळ घालू नका. मूल कुडकुडलं की शरीर आतून आणखी ऊब तयार करतं.

मूल तापलंय का हे हातपाय बघून कळत नाही. मानेच्या मागे, किंवा छातीवर हात लावून बघा. मान घामाने चिंब असेल तर एक थर काढा. नुसत्या डायपरवर झोपलं तरी काही बिघडत नाही.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे, तर इथेच थांबून एक काम करा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात आणि चालतं मूल म्हणजे चढतं मूल. खिडकीजवळचा पलंग, स्टूल, खेळण्यांची पेटी आजच हलवा. खिडकी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर बसवा. मच्छरदाणीची जाळी डास अडवते, मुलाचं वजन पेलत नाही. हे वाचून संपल्यावर नको, आत्ता उठा.

पायरी तिसरी: पाणी मागण्याची वाट बघू नका

या वयाच्या मुलाला दूध-पाणी मिळून दिवसाला साधारण 1 लिटर द्रव लागतो. कडक उन्हाळ्यात, पळापळ असेल तर त्याहून जास्त. यात दूध 500 ते 700 मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नका. तहान दुधावरच भागवली की पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह कमी होऊ शकतं.

पण आकडे सांगणं सोपं, पाजणं अवघड. माझ्या लेकीसाठी मी तीन बाटल्या आणल्या: एक नळीची, एक झाकणाची, एक हत्तीच्या आकाराची, महाग. तिला यातली एकही नको होती. तिला माझा पेला हवा होता. मी प्यायला लागले की ती धावत यायची, दोन्ही हातांनी पेला धरायची, नाक पाण्यात बुडेल इतकं तोंड आत घालायची, एक घोट पोटात आणि तीन घोट फ्रॉकवर. मी आठवडाभर चिडले. मग लक्षात आलं की ही पितेय. तेव्हापासून घरात तीन ठिकाणी छोटे स्टीलचे पेले भरून ठेवले, तिच्या हाताला येतील असे, तळाशी दोन बोटं पाणी. जाता-येता मी एक घोट घ्यायचे, ती माझ्यामागे. फरशी दिवसभर ओली असायची, पण पाणी जायचं.

म्हणून ठरावीक वेळा बांधा आणि "पाणी पितेस का?" असं विचारू नका. या वयात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "नाही" असतं. उठल्यावर, बाहेर पडताना, घरी आल्यावर, झोपायच्या आधी, जेवणासोबत पेला नुसता पुढे धरा. काकडी, कलिंगड, संत्र्यासारखी पाणीदार फळंही हिशेबात धरा. सरबतं आणि डब्यातले रस टाळा. साखरेने तहान भागत नाही आणि दात किडतात.

पाणी पुरतंय की नाही हे डायपर सांगतो. दिवसाला सहाच्या आसपास ओले डायपर आणि फिकट रंगाची शू असेल तर ठीक चाललंय. सहा ते आठ तास शू नाही, ओठ-जीभ कोरडी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेले, पोर मलूल, असं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

जुलाब लागले तर पाणी भराभर कमी होतं. घरात ओआरएसची पाकिटं आधीच आणून ठेवा. पाकिटावर 200 मिलिलिटर लिहिलंय की 1 लिटर, हे नीट वाचा. लोक इथेच चुकतात. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट घातलं तर द्रावण जास्त खारट होतं आणि अपाय करतं. वेगळी साखर किंवा रस मिसळू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढच्याला 100 ते 200. चमच्याने, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश सुरू करा. बनवलेलं द्रावण 24 तासांनी ओतून टाका.

पायरी चौथी: कपडे, टोपी, क्रीम

सैल, सुती, फिक्या रंगाचे, शक्यतो पूर्ण बाह्यांचे कपडे. कापडाने झाकलेल्या जागेला क्रीम लावावं लागत नाही, आणि लहान मुलाला क्रीम लावणं म्हणजे माशाला साबण लावण्यासारखं आहे. टोपीला चारही बाजूंनी कड हवी, नाहीतर कान आणि मान भाजतात. टोपी फेकली जाणारच. मी दोन उपाय केले: हनुवटीखाली हलकी पट्टी, आणि स्वतःही टोपी घालणं. दुसरा जास्त चालला.

उघड्या भागाला एसपीएफ 30 किंवा जास्तीचं, दोन्ही प्रकारची अतिनील किरणं अडवणारं सनस्क्रीन लावा. झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईड असलेलं क्रीम नाजूक त्वचेला सहसा त्रास देत नाही. बाहेर पडायच्या 15 ते 30 मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यात खेळून झालं की पुन्हा. कानाच्या पाळ्या आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो.

डासांचं औषध लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, मग ते. मुलाच्या तळहातांना लावू नका, कारण हात थेट तोंडात जातात. लेमन युकॅलिप्टस तेल असलेलं औषध तीन वर्षांखाली चालत नाही.

घामोळं आलं तर पावडर थापू नका. घामाच्या नळ्या बंद झाल्यामुळेच ते येतं, आणि पावडरीचा धुरळा श्वासात जातो तो वेगळाच. अंग गार, कोरडं, मोकळं ठेवा, दोनतीन दिवसांत बसतं. पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टर.

पायरी पाचवी: बाहेर पडताना हात लावून बघा

घसरगुंडी, झोपाळ्याची बैठक, बाबागाडीचं बक्कल, गाडीतल्या सीटचा धातूचा भाग: मुलाच्या आधी तुमच्या हाताची मागची बाजू तिथे पाच सेकंद टेकवा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याला बसवू नका. लहान मुलाची त्वचा पातळ असते आणि चटका बसल्यावर ते पटकन उठून पळत नाही, तिथेच बसून रडतं.

बाबागाडीवर ऊन नको म्हणून दुपट्टा किंवा चादर टाकायची सवय अनेकांना असते. मीही टाकायचे. त्याने आतली हवा कोंडते आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम होतं. छत्री लावा, सावलीतून चाला, हवा खेळती ठेवा.

मुलाला बंद गाडीत एक मिनिटही सोडू नका. उभी गाडी दहा मिनिटांत साधारण 10 अंशांनी तापू शकते, काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. "मी कशी विसरेन?" असं प्रत्येकालाच वाटतं. पण रोजचा क्रम बदलला, मूल मागे झोपी गेलं, फोन आला, की मेंदू सवयीच्या रस्त्याने जातो. म्हणून उतरताना लागणारच अशी एक वस्तू, पर्स किंवा कामाचं ओळखपत्र, मागच्या सीटवर मुलाशेजारी ठेवा. मी डाव्या पायातली चप्पल ठेवते. लोक हसतात. हसू देत. घरी असताना गाडीला कुलूप आणि किल्ली वर टांगलेली, कारण पोरं खेळायला स्वतःच आत शिरतात आणि दार उघडता येत नाही.

पायरी सहावी: पाण्याचा खेळ

उन्हाळी संध्याकाळचा सगळ्यात मोठा आनंद हाच. एक उथळ टब, दोन प्लास्टिकचे पेले, एक गाळणं, बस. गाळण्यात पाणी का राहत नाही या कोड्यावर माझी लेक चाळीस मिनिटं बसली होती. इतकी शांतता घरात महिन्याभरात नव्हती. महागडी खेळणी आणू नका. स्वयंपाकघरातला खालचा कप्पा पुरतो.

पण याच टबाने मला घाबरवलं आहे. चार मोठी माणसं होतो आम्ही, गप्पा चाललेल्या, टबात वीतभरही पाणी नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याची नजर आहे. मी टॉवेल उचलायला वळले म्हणून दिसलं: ती पेला धरायला वाकली होती, हात निसटला होता आणि तोंड पाण्यात होतं. हात थोडे हलत होते. आवाज अजिबात नव्हता. मी उचललं, ती खोकली, रडली, आणि मी बराच वेळ तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले.

बुडणं शांतपणे होतं. आरडाओरडा, पाण्याचा चुबुक-चुबुक असं काही नसतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, त्यामुळे पालथं पडलं की उठता येत नाही, आणि त्यासाठी तीन-चार सेंटिमीटर पाणी पुरतं. म्हणून आता आमच्याकडे पद्धत आहे. पाण्याजवळ एकच माणूस पहारेकरी. त्याच्या हातात फोन नाही, आणि मूल हाताच्या अंतरावर. जायचं असेल तर मोठ्याने म्हणायचं, "आता तू," आणि समोरच्याने "हो, आता मी" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पहिल्यांदा नाटकी वाटतं. आजीलाही वाटलं, "मी काय परकी आहे का गं?" पण चौथ्या दिवशी तीच मला ओरडून म्हणाली, "ए, आता तू म्हणालीस का?"

खेळ संपला की टब तिथल्या तिथे ओता आणि पालथा घाला. न्हाणीघरातली बादलीही. दंडात घालायच्या फुगवलेल्या पट्ट्यांवर विसंबू नका, त्या खेळणं आहेत.

पायरी सातवी: खाणं, थोडक्यात

उन्हाळ्यात भूक मंदावते. मूल दोन दिवस कमी जेवलं, पण खेळतंय, पाणी पितंय, शू होतेय, तर मागे लागू नका. मुख्य जेवण सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर ठेवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. बर्फाचा खडाही अडकतो, त्यामुळे चघळायला देऊ नका.

ऊन बाधलंच तर

चेहरा लालबुंद, घाम, चिडचिड, मळमळ दिसली तर लगेच सावलीत किंवा गार खोलीत न्या, कपडे उतरवा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात हुशारी यायला हवी.

मूल गुंगीत असेल, हाकेला ओ देत नसेल, झटके येत असतील, अंग चटका बसावा इतकं तापलं असेल किंवा ताप 40 अंशांच्या वर असेल, तर हा उष्माघात समजा. तुमच्या भागातल्या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारत वारा घालत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. तापाचं औषध इथे उपयोगी पडत नाही, हा ताप वेगळा. ते पाजण्यात वेळ घालवू नका. तो क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा. घाईच्या वेळी पाठ असलेलंही आठवत नाही.

पायरी आठवी: तुम्ही

दिवसभर बंद घरात एका छोट्या हुकूमशहासोबत राहणं दमवतं. मूल झोपलं की भांडी घासायला धावू नका. आधी स्वतः पाणी प्या, दहा मिनिटं आडवं व्हा. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर कामं "मदत" म्हणून वाटू नका, वेळ वाटा: सकाळची फेरी तुझी, संध्याकाळचा टब माझा. ज्याची वेळ, त्याचं सगळं, अगदी टॉवेल शोधण्यापासून. दुपारी अर्धा तास टीव्ही लावला म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. मीही लावते.

रात्री उजेड उशिरापर्यंत असतो, आणि बाहेर दिसतंय म्हणजे अजून दिवस आहे असं मुलाचं ठाम मत असतं. जाड पडदे लावा आणि रोजचा क्रम तोच ठेवा: आंघोळ, सुती कपडे, गोष्ट, दिवा बंद. वेळ अर्धा तास पुढे सरकली तरी चालेल, क्रम हलू देऊ नका.

ती झोपली की माझी शेवटची फेरी असते. टब पालथा आहे का, बादली रिकामी आहे का, खिडकीचा अडसर बसलाय का. तीन पेले धुऊन, दोन बोटं पाणी भरून आपापल्या जागी. टोपी दाराच्या मुठीला अडकवलेली. मग बाहेरचा दिवा बंद करते.